जिभेचा मान

खर्डी
ता. १४ मार्च १९४३

लहानीच्या बास,

रंभाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमी जिवंत आहात. सकाळपासून हेच मनाशी म्हणते आहे. सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढंच लिहून आलं होतं, त्याला आता वर्ष होईल. या घरात कुणी तुमचं नाव काढत नव्हतं आणि कुणी माझं कुंकूही पुसत नव्हतं. तशी मधल्या मधे लटकून होते.

पत्र आधी माझ्या हातात पडलं असतं तर फार बरं झालं असतं. मी तीन इयत्ता शिकले ती कशाला? पण टपाल शाळेत उतरलं. मास्तर आनंदानं पाराकडे धावत आले आणि हाका मारून सगळं गाव गोळा केलं. आयनं गूळ फोडायला घेतला. तुमचं अक्षर लागत नाय, म्हणून मास्तर एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचत होते. आधी शब्द तोंडातून बाहेर, मग अर्थ डोक्यात, अशी गत. त्यामुळे थांबायला हवं हे त्यांना कळेपर्यंत सगळं वाचून झालं होतं.

'इटलीच्या छावणीत भूक फार. तांबड्या क्रॉसचे डबे येतात. एकात जीभ निघाली. आयनं तव्यावर परतलेली जीभ आठवली. डोळे मिटून खाल्ली. मागाहून एकानं सांगितलं की ती बैलाची. तोवर पोटात गेली होती. खोटं कशाला लिहू?'

का लिहिलंत हे? कुणी विचारलं होतं? पण तुमचा स्वभावच तो. भरतीला मात्र बापाशी भांडून, न सांगता कल्याणला निघून गेलात, आणि सांगायची नव्हती ती गोष्ट तेवढी सातासमुद्रापलीकडून कळवलीत.

ज्यांनी गूळ तोंडात टाकला होता, त्यांनी तो बाजूला थुंकला. मी पाहिलं. मामंजी उठले, गोठ्यात गेले आणि गुंज्याला सोडून ओढ्यावर घेऊन गेले. भर दुपारी त्याला धुवायला लागले ते ऊन उतरेपर्यंत धूतच होते. बैलाच्याच अंगाला काही लागलं असावं, तसे.

नवशा बाकीच्या पंचांना घेऊन आला आणि निकाल सांगितला. तुमी परत आलात की डोकं भादरायचं, नाशिकला जाऊन गोमूत्र घ्यायचं आणि जातीला जेवण घालायचं. तोवर आपल्या घरचं पाणी कुणी पिणार नाय. मामंजी त्याला एवढंच म्हणाले, "या घरात कोन यायचाच नाय. शुद्ध कुनाला करताव?"

ते रागात बोलले. तुमी मनावर घेऊ नका. मी घेतलं नाय, म्हणजे घेतलं, पण आता ठीक आहे. आय बरी आहे. लहानी तिसऱ्यात आहे, अजून बोलत नाय. नुसती बघते. गावदेवीची जत्रा तोंडावर आली आहे.

तुमी खात राहा. मिळेल ते खा. हे मी लिहिलं म्हणून कुणाला सांगू नका.

तुमची
रंभा


मुरबाड
ता. २ मे १९४३

लहानीच्या बास, नमस्कार.

वर मुरबाड बघून घाबरू नका. बाबांचा गुडघा सुजला म्हणून चार दिवस माहेरी आले आहे. तुमचं दुसरं पत्र नाय. माझं पोचलं का, तेही कळत नाय. दुपारी घरात बसवत नाय, म्हणून उगाच वेशीपर्यंत जाऊन येते. बाबा म्हणतात, "महिपतची पोर काय हरवलंय ते शोधते, असं लोक इचारतात गो."

इथं काल शेजाऱ्यांनी रानडुकराचा वाटा पाठवला. मला हसू आलं. लग्न होऊन खर्डीला आले तेव्हा मी डुक्कर खाते हे ऐकून आयनं माझी थाळी वेगळी ठेवली होती, आठवतं? आणि बोकडाची वजडी, खूर, रक्ती तुमी चवीनं खायचात. माझ्या माहेरी रक्तीला कुणी शिवत नसे. पाठ धरली तर बाबा घोरपड शोधत रान पालथं घालायचे, ते ऐकून मामंजी कानांवर हात ठेवायचे. कातकरी शेतातला उंदीर भाजतो म्हणून आपण दोन्ही घरं मिळून नाक मुरडायचो. प्रत्येकाच्या चुलीला एक कुंपण असतं. आतलं ते अन्न, बाहेरचं ते पाप. डबा उघडलात तेव्हा तुमचं कुंपण कुठं होतं, असं सारखं मनात येतं. मला तिथलं काहीच दिसत नाय. तार, बर्फ आणि डबा, एवढंच.

पहिल्या वर्षीची जत्राही आठवते. बोकडाची मुंडी निखाऱ्यावर धरली होती. आयनं जीभ काढून उकळत्या पाण्यात टाकली आणि वरचं पांढरं खरखरीत कातडं सुरीनं सोलून काढलं. मग मीठ, लसूण आणि नुसती मिरची. गावाच्या वतीनं देवीपुढं गाऱ्हाणं घालायचं ते आपल्या घरानं, म्हणून जीभही आपल्या घराची. बायकांनी ती खायची नाय, खाल्ली तर घरात भांडणं लागतात म्हणे. तुमी पळसाच्या पानात एक तुकडा लपवून मला गोठ्यामागं दिलात. मऊ होता. मला वाटलं होतं जीभ चिवट असेल.

यंदाची जत्रा झाली. गाऱ्हाणं नवशानं घातलं. बोकड बरा होता. लहानीनं खाल्लं. तिनं काय खाल्लं आणि कोण काय म्हणालं, ते पुढं कधीतरी.

गुडघा उतरला की परत जाईन.

रंभा


मुरबाड
ता. १६ जानेवारी १९४४

लहानीच्या बास,

चार दिवसांचं वर्ष होत आलं. बाबांचा गुडघा कधीच सुजला नव्हता. तुमी तिकडं एकटे, त्यात आणखी काळजी नको म्हणून मी तसं लिहिलं. पण परवा म्हसा गावच्या जत्रेत जे पाहिलं ते लिहायचं तर आधीचंही लिहावं लागेल. मास्तर म्हणायचे, एवढं लांब पत्र साहेब लोक तपासताना कापतात. कापोत.

तर गावदेवीची जत्रा. उशिरा बोलणाऱ्या पोराला बोकडाची जीभ चारावी म्हणतात. आयनं वर्षभर आधीच ठरवलं होतं, यंदाची जीभ लहानीला. मामंजी देवीपुढं गाऱ्हाण्याला उभे राहिले, तर नवशानं मधे हात धरला. "धर्मा, औंदा तू मागं." इतक्या वर्षांत मी मामंजींना मागं जाताना पाहिलं नव्हतं. ते मागं गेले आणि वहाणांपाशी उभे राहिले. मग पानं मांडली, तेव्हा जिभेचं पान आपल्या जागेवरून उचलून नवशाच्या पुढं ठेवलं. आय पदराच्या आत रडायला लागली.

मी उठले. काय करायचं हे उठेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पुरुषांच्या पंगतीत शिरले, त्या पानावरची जीभ उचलली, तिथंच खाली बसले आणि तुकडे करून लहानीला भरवली. उरलेला तुकडा मी खाल्ला. सगळ्यांच्या देखत.

केवढा गलका झाला ते काय सांगू. नवशा ओरडला, "नवरा बैल खातो, बायको देवीचा वाटा पळवते!" मामंजी मात्र मला एका शब्दानं ओरडले नायत. घरी आल्यावर म्हणाले, "पोरी, माझा व्हता नव्हता तो मान बी तू उचललास." त्यांचा आवाज इतका हळू होता की मला मार परवडला असता. दुसऱ्या दिवशी मी लहानीला घेऊन निघाले. त्यांनी घालवलं नाय. थांबवलंही नाय.

लहानी आता बोलते. जिभेनं की वयानं, देव जाणे.

आता म्हशाचं. बाबांना घोंगडी घ्यायची होती, म्हणून आमी बैलबाजाराच्या कडेनं चाललो होतो. एके ठिकाणी थकलेली, लंगडी, बरगड्या निघालेली जनावरं एका दोरीत बांधलेली दिसली. सगळ्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा होता. असली जनावरं कोण घेतो हे लढाई सुरू झाल्यापासून इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यांत मोडक्या शिंगाचा गुंज्या होता.

मी जवळ गेले. त्यानं ओळखलं. माझा तळहात चाटला. त्याची ती खरखरीत जीभ हाताला लागली आणि मला तुमचा तो डबा आठवला. मी हात मागं घेतला नाय. घ्यावा असं एकदा वाटलं, खोटं कशाला लिहू.

मागं मामंजी उभे होते. केवढे वाळलेत.

"मामंजी, हा व्यापारी कुठला?"

"कल्यानकडला."

"कल्याणला काय नांगराला नेतोय?"

त्यांनी वाकून गुंज्याच्या खुराला लागलेलं शेण काढलं. मग म्हणाले, "मला काय इचारतेस? तुला ठाव हाय तेच मला बी ठाव हाय."

"मग का?"

"जातीला जेवन घालाय पायजे. दुसरं काय हाय माझ्याकडं? चंदर आला आनि पंचांनी दारातनं परत धाडला, तर मी काय करू?" त्यांनी तोंड फिरवलं. "त्याच्यावाचून घर खायला उठतं गो."

ज्या पोराला घरात घेणार नाय म्हणाले होते, त्याला घरात घेता यावं म्हणून त्यांनी गुंज्याला विकलं. तेही कुणाला विकलं! मी हसावं की छाती बडवावी? एवढ्यात दोरी ओढली गेली आणि जनावरं चालायला लागली. लहानी कडेवरून ओरडली, "गुंज्या, घरी चल." मामंजींनी वळून पाहिलं नाय. पाठमोरेच उभे राहिले, नुसते खांदे हलत होते.

मी उद्या खर्डीला परत जाते. त्यांना नि आयला त्या घरात एकटं ठेवायचं नाय.

रंभा


खर्डी
ता. ८ मार्च १९४४

लहानीच्या बास,

इटली पडली असं मास्तर म्हणतात. मग तुमी कुठं? जर्मनीत नेलं की काय? जुन्याच पत्त्यावर लिहिते आहे. हे पत्र तुमच्या हातात पडलंच पाहिजे, बाकीची नाय पडली तरी चालतील.

काल आपल्या अंगणात पंच बसले. जेवणाचं ठरवायला मामंजींनीच बोलावलं होतं. आय भिंतीला टेकून बसली होती. मी दारात.

नवशानं सुरुवात केली, "धर्मा, पोरगा येईल तवा येईल. पन त्यानं केलं ते साधं नाय. बैल म्हंजे आपला भाऊ. निस्त्या जेवनानं..."

"थांब," मामंजी म्हणाले. "आधी माझं ठरवा."

"तुझं काय?"

"गुंज्या मी म्हशाला इकला. कुनाला इकला ते मला ठाव व्हतं. आता सांगा. माझ्या पोरानं परमुलखात, भुकेनं, ठाव नसताना शिजलेलं खाल्लं. मी जिता बैल, माझ्या हातानं वाढवलेला, ठाव असताना दोरीसकट दिला. मोठं पाप कुनाचं? ज्याचं मोठं त्याला आधी टाका."

त्यांचा आवाज चढला नव्हता. गाऱ्हाणं घालताना असायचा तसाच होता, शेवटच्या घरापर्यंत पोचणारा.

"आनि म्हशाला मी एकटा नव्हतो," ते पुढं बोलले. "नवशा, तुझा बैल माझ्या बैलाच्या शेजारीच बांधला व्हता."

"माझा नांगराला गेला!" नवशा उसळला.

"लंगडा?"

नवशानं पागोटं सारखं केलं आणि दुसऱ्याच कुणाकडे तरी पाहिलं. त्या दुसऱ्यानं खाली पाहिलं. त्यानं कुठली गाय कुणाला दिली हेही गावाला ठाऊक होतं, नुसतं कुणी बोललं नव्हतं. यंदा पेंढा नाय, भात सरकारच्या लेव्हीत गेला, म्हातारं जनावर कुणाला पोसवतं? सगळ्यांनी विकली आणि सगळ्यांनी तोंड फिरवलं. तुमी तेवढे ते लिहून बसलात.

मग एकेक जण उठला. शेत आठवलं, गुरं आठवली. काही ठरलं नाय. जेवण कधी, तेही नाय. मामंजी रिकाम्या अंगणात तसेच बसून राहिले. मला वाटलं, झालं, आता गाव आपल्याला पुरतं टाकणार.

इतक्यात बारकू परत आला, तो ओढ्यापलीकडचा, तुमच्याबरोबर कुस्ती खेळायचा तो. अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "रंभावहिनी, पानी दे गो. लई तहान लागलीय."

ओढा त्याच्या वाटेतच, त्याला तहान लागली नव्हती हे मी तेव्हाच समजले. मी तांब्या दिला. तो उभ्यानं, घटाघटा, रस्त्यावरून दिसेल असा प्यायला.

हे पत्र मिळालं तर दोन ओळी लिहा. काहीही लिहा. आता मी स्वतः टपालवाल्याला वाटेत गाठते.

रंभा


खर्डी
ता. ९ ऑक्टोबर १९४५

लहानीच्या बास,

देवळालीहून तुमची चिठ्ठी आली. मुंबईला बोटीतून उतरून तुमी गाडीनं वर देवळालीच्या छावणीत गेलात. म्हणजे खर्डीवरून गेलात. गाडी इथं थांबली असेल. कदाचित मी तेव्हा खाचरात होते. डबा उघडून उतरायचं, एवढंच होतं.

तुमी लिहिता, माझी पहिली दोनच पत्रं तुम्हाला मिळाली. म्हणून तुमच्या डोक्यात अजून नवशा बसला आहे. 'भुकेचं प्रायश्चित्त मी घेणार नाय. ज्या घरात मला जागा नाय म्हणून बापानं सांगितलं, तिथं येऊन कुणाला बाटवू? तू लहानीला घेऊन माहेरी सुखात राहा.' हे लिहिताना तुमचा हात अडखळला नाय का?

माझी राहिलेली दोन पत्रं कुठं समुद्रात गेली असतील. तर थोडक्यात पुन्हा सांगते. मामंजींनी तुमच्यासाठी गुंज्याला विकला, खाटकाच्या व्यापाऱ्याला. आणि भर पंचांत उभं राहून, आधी मला टाका म्हणून सांगितलं. कुणी टाकलं नाय. जेवण झालं नाय, कुणी डोकं भादरा म्हणालं नाय, पण आता लोक आपल्या घरी पाणी पितात. नवशा सोडून. तोही बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात पिईल, त्याची विहीर आटते.

दुसरी गोष्ट मी सव्वा वर्षात लिहिली नाय. आय गेली. गेल्या वर्षी, भाताची आवणी संपता संपता, तापानं. तुमी छावणीत हे कुणाच्या खांद्यावर रडणार, म्हणून लिहायला हात उचलला नाय. शेवटच्या दिवशी तिनं देवाचं नाव घेतलं नाय, तुम्हाला बोलवाही म्हणाली नाय. मला जवळ घेऊन म्हणाली, "चंदरला जीभ जास्त परतलेली आवडत नाय. ध्यानात ठेव." मग डोळे मिटले. त्या एका वाक्यात तिनं तुम्हाला घरात घेतलं. तिला कुठल्या पंचांना विचारावं लागलं नाय.

तुमची चिठ्ठी मी मामंजींना वाचून दाखवली. काही गाळलं नाय. ते ऐकून उठले आणि स्टेशनावर गेले. तेव्हापासून रोज जातात. मुंबईकडून आलेली असो की कसाऱ्याकडून उतरलेली, गाडी लागली की डब्याडब्यातून वाकून बघतात. मी म्हटलं, "ते देवळालीत आहेत. गाडीत कसे दिसतील?" तर म्हणाले, "घरात बसून तरी कुटं दिसतोय?"

काल त्यांनी स्वतःच धोतर धुतलं. मला म्हणाले, "त्याला यायचं नसंल तर नको येऊ दे. आपन जाऊ." मी भीत भीत विचारलं, "तिथं जाऊन त्यांना काय सांगणार?"

"सांगायचं काय नाय," ते म्हणाले. "इचारायचंय."

"काय?"

ते उंबऱ्यावर बसले. लहानी त्यांच्या मांडीवर चढली, तिला त्यांनी सारखी करून घेतली. मला वाटलं ते गुंज्याबद्दल काही बोलतील, किंवा आयबद्दल, किंवा न सांगता भरतीला गेलात त्याबद्दल. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"ती खाल्लीस तवा पोट भरलं का रं तुझं? येवढंच इचारीन."

मी चुलीपुढं जाऊन बसले. धूर नसताना डोळे पुसले.

आमी शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो, मामंजी, मी आणि लहानी. फाटकावरच्या शिपायाला सांगून ठेवा. उत्तर तयार ठेवा. खरं सांगा, तुम्हाला खोटं बोलता येत नाय हे त्यांना ठाऊक आहे.

तुमची
रंभा